पास्कलच्या गाडीची उंची

फोन आला तेव्हा मी गाडीखाली अडकलो होतो. अडकलो म्हणजे खरोखर अडकलो. पाठीखाली पुठ्ठा, पोटावर गाडी, आणि दोन्हींच्या मध्ये पंचवीस वर्षांच्या दुबईतल्या बिर्याणीवर पोसलेला मी. रास अल खोरच्या माझ्या मसाल्याच्या गोदामातली शनिवारची सकाळ. पास्कलने आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं, "मी दहाला येतो. तोवर खालचे नट बघून ठेव. रेघ तुटलेली दिसली की खडूने गोल कर. बाकी कशाला हात लावू नको." गाडीच्या प्रत्येक नटावर त्याने पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढलेली होती, अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. नट जरासा जरी सैल झाला तरी रेघ तुटलेली दिसते. मी एकोणिसाव्या नटाशी होतो. छातीवरच्या फोनवर फिलूवहिनींचं, म्हणजे त्याच्या बायकोचं नाव दिसलं म्हणून मी स्पीकरवरच ओरडलो, "काय वहिनी, तुमचा नवरा उठलाय की नाही? साडेदहा झाले!" मग त्या म्हणाल्या, "सदाभाऊ... पास्कल गेला. जिन्यातच पडला. हॉस्पिटलात आणेपर्यंत..." पुढे मला एवढंच आठवतं की माझ्या दोन कामगारांनी मला पाय धरून बाहेर ओढलं आणि मी उठून उभा राहण्याऐवजी त्या पुठ्ठ्यावरच बसून राहिलो.

त्याला आता सात आठवडे झाले.

पास्कल वसईचा. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात सव्वीस वर्षं मेंटेनन्सला होता. चिलर, पंप, बॉयलर आणि खिडकी नसलेली केबिन. "वर पाहुणे समुद्र बघतात," तो म्हणायचा, "आणि मी खाली त्यांच्या शॉवरचं पाणी गरम आहे की नाही ते बघतो." सहा वर्षांपूर्वी त्याने एक जुनी फोर-व्हील घेतली. पण तो करामा या गजबजलेल्या वस्तीत राहायचा आणि तिथे साध्या गाडीला पार्किंग मिळत नाही, या धुडाला कुठून मिळणार? ओळखीतून कुणीतरी त्याला माझ्याकडे पाठवलं. माझ्या गोदामाच्या मागच्या शेडखाली जागा होती. मी विचारलं, "एवढी मोठी गाडी कशाला?" तो सरळ म्हणाला, "आफ्रिकेला जायचंय. नामिबिया, बोट्स्वाना. स्वतः चालवत. एवढं लांबवर दिसलं पाहिजे की नजर थकून परत आली पाहिजे." मी म्हटलं, जागा देतो, पण एका अटीवर. मीही येणार. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुझं वजन किती?" हा आमच्या मैत्रीतला त्याचा पहिला प्रश्न, आणि तो शेवटपर्यंत सुटला नाही.

मग शनिवार सुरू झाले. मागच्या सीटा निघाल्या, तिथे प्लायवूडचे खण आले. दुसरी बॅटरी आली, पेट्रोलची दुसरी टाकी आली, पाण्याची टाकी आली, छतावर पेटीसारखा उघडणारा तंबू आला. पास्कलचा एक कायदा होता. जी वस्तू इथल्या वाळवंटात तीन वेळा वापरली गेली नाही ती आफ्रिकेत जाणार नाही. या कायद्याखाली माझा मिक्सर, माझी कप ठेवायची सोय असलेली खुर्ची आणि माझ्या आईचा फोटो असलेलं घड्याळ हे सगळं परत आलं. कुकर मात्र मी तिन्ही वेळा वाळूत लावून पास करून घेतला. तिसऱ्या वेळी शिट्टी उडून वाळूत गेली आणि आम्ही दोघं पाऊण तास ती चाळत बसलो, तरी त्याने वहीत प्रामाणिकपणे खूण केली, 'कुकर, पास'.

नुसती वाळू नव्हे, दगडही हवेत म्हणून आम्ही खोर फक्कानच्या डोंगरांकडे जायचो. तिथल्या वाद्यांमध्ये, म्हणजे ओढ्यांच्या कोरड्या पात्रांत, तो गाडी चालवायचा आणि मी पुढे उभा राहून हातांनी दिशा दाखवायचो. एकदा मी "राइट, राइट, अजून राइट" असं छातीठोकपणे दाखवत राहिलो आणि गाडी डाव्या कुशीवर एका दगडावर जाऊन बसली. मी त्याच्याकडे तोंड करून उभा होतो आणि माझी उजवी बाजू दाखवत होतो. पास्कल खाली उतरला, दगडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "शेट, यापुढे तू फक्त माझ्याकडे पाठ करून उभा राहा. आणि शक्यतो लांब." संध्याकाळी घरी त्याने तो प्रसंग माझी नक्कल करत वहिनींना सांगितला आणि हसताना इतका वाकला की टेबलाला धरून उभा राहिला. खरं सांगतो, माझे निम्मे घोळ मी त्या हसण्यासाठी तिखटमीठ लावून सांगायचो. मी सांगायचो आणि तो हसायचा, असा आमचा संसार होता.

त्याला आफ्रिकेतल्या सिंहाची भीती नव्हती, गवताची होती. कुठेतरी त्याने वाचलं होतं की तिकडचं उंच गवत गाडीच्या पोटात अडकून पेट घेतं आणि गवताचं बी रेडिएटर बंद करून टाकतं. त्यासाठी त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी काढून रेडिएटरपुढे शिवली. "आयुष्य वाळूत काढलेला माणूस," फिलूवहिनी म्हणाल्या, "आणि घाबरतो कशाला, तर गवताला!" टोरांटोतली त्यांची मुलगी शेरॉन व्हिडिओवर ते ऐकत होती. "डॅड, जस्ट टेक अ फ्लाइट लाइक नॉर्मल पीपल!" पास्कल म्हणाला, "यल्ला, चल, तू अभ्यास कर." ती तिशीची, एका बँकेत मॅनेजर आहे.

आता ती गोष्ट, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही.

गेल्या वर्षी सगळं जमलं. त्याला सहा आठवड्यांची सुट्टी मिळाली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा एवढी. गाडीचे परदेशी फिरण्याचे कागद झाले. कंटेनरमधून ती नामिबियाच्या बंदरात जाणार, आम्ही मागून विमानाने. शिपिंगवाल्याने गाडीची उंची मागितली, कारण साधा कंटेनर की उंच कंटेनर हे त्यावर ठरतं आणि उंच कंटेनर सहजी मिळत नाही. पास्कल मला म्हणाला, "एवढं एक काम तू कर. सकाळी गोदामात, सपाट फरशीवर, टायरमध्ये पूर्ण हवा भरून मोज. आणि सामान काढून, रिकामी." मी हो म्हटलं. आणि विसरलो. आठवलं तेव्हा आम्ही वाळवंटात होतो, शेवटच्या सरावाला. शिपिंगवाल्याचा माणूस फोनवर होता, पास्कल टेकडीपलीकडे फावडं घेऊन गेला होता. म्हटलं, टेप तर आहे. मोजलं. दोन मीटर बावीस. सांगून टाकलं.

इथल्या कुठल्याही पोराला विचारा, वाळूत जाताना टायरमधली निम्म्याहून जास्त हवा सोडतात, म्हणजे टायर चपटे होऊन वाळूवर पसरतात. शिवाय गाडी पाण्याने, पेट्रोलने आणि माझ्या खाऊच्या पेट्यांनी गच्च भरलेली. शिवाय चाकं वाळूत चार बोटं रुतलेली. मी मोजली ती पास्कलची गाडी नव्हतीच. दमून बसकण मारलेली गाडी होती ती.

यार्डात गाडी कंटेनरच्या दारापाशी नेली तेव्हा टाक्या नियमाप्रमाणे रिकाम्या, पेट्या उतरवलेल्या, टायर टणटणीत. तिथला मल्याळी सुपरवायझर वर बघून म्हणाला, "भाई, ये नहीं जाएगा." टेप लावली. दोन मीटर तेहतीस, आणि कंटेनरचं दार दोन अठ्ठावीस. टायरची हवा सोडली. चार कामगार बंपरवर उभे राहिले, मी आत जाऊन बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वजनाचा कुणाला तरी उपयोग व्हावा म्हणून प्रार्थना केली. तरी बोटभर राहिलीच. तंबू उतरवावा तर त्याचा सांगाडा छताला वेल्ड केलेला, आणि यार्डात गॅस कटर चालत नाही. उंच कंटेनर पुढचे तीन आठवडे नव्हता. सुट्टी मात्र मंजूर झाली होती त्याच सहा आठवड्यांची.

पास्कल मला म्हणाला, "तू मोजली होतीस ना नीट? गोदामात?"

मी म्हटलं, "हो रे. सपाट फरशीवर. सकाळी."

तो गाडीखाली वाकला, बराच वेळ मागच्या चाकांकडे बघत राहिला. मग उठून हात पुसत म्हणाला, "स्प्रिंगा. नव्या स्प्रिंगांनी नंतर गाडी उचलली असणार. मीच कडक घेतल्या. माझी चूक, शेट... सॉरी हां. तुझीही ट्रिप घालवली मी." त्याने माझी माफी मागितली. आणि मी, प्रत्येक गोष्टीत तोंड उघडणारा मी, म्हणालो, "जाऊ दे रे, पुढच्या वर्षी."

त्या पुढच्या वर्षासाठी त्याने स्प्रिंगा बदलल्या. सांगाडा कापून नटबोल्टचा केला, अर्ध्या तासात उतरेल असा. दर शनिवारी मला वाटायचं, आज सांगू. पण तो पाना हातात घेऊन आपल्या न केलेल्या चुकीची दुरुस्ती करत असायचा, आणि माझी जीभ रेटायची नाही. मग तो जिन्यात पडला. त्याला वसईला न्यायचं होतं तेव्हा कार्गो ऑफिसात एक फॉर्म आला. त्यात पेटीची लांबी, रुंदी, उंची लिहायची होती. टोरांटोहून आलेली शेरॉन म्हणाली, "अंकल, कॅन यू फिल धिस?" मी पेन घेतलं आणि शेजारच्या माणसाकडे सरकवलं. चष्मा नाही, म्हणालो. चष्मा डोळ्यांवरच होता.

वहिनींनी गाडी विकायला सांगितली. त्यांचा व्हिसा पास्कलच्या नावावर होता, त्यांना लवकरच वसईला जायचंय. मी गिऱ्हाइकं आणली आणि इमानेइतबारे पळवून लावली. एकाला सांगितलं, गाडी चढावर रुसते. एका इजिप्शियनाला म्हटलं, हबीबी, हिच्या एसीतून मसाल्याचा वास येतो, तुझ्या बायकोला चालेल का? तिसरा न विचारता परत गेला, कारण मी दारातच त्याच्याकडे कसंनुसं बघत उभा होतो. शेवटी तीन आठवड्यांपूर्वी वहिनी स्वतः टॅक्सीने गोदामात आल्या. मिरच्यांच्या पोत्यांमधून नाकाला रुमाल लावून चालत शेडपर्यंत गेल्या.

"सदाभाऊ, गाडीत काय बिघाड आहे?"

"काही नाही."

"मग माणसं का परत जातात?"

मी सांगितलं. वाळू, टेप, फोन, यार्ड, स्प्रिंगा, सॉरी. उभ्या उभ्या, एका दमात, कुठेही तिखटमीठ न लावता. माझा अंदाज होता त्या रडतील, किंवा मला काहीतरी बोलतील, ज्याची मी वाट बघत होतो. त्यांनी बॉनेटवर हात टेकला आणि जाळीकडे पाहिलं.

"फुसक्या टायरवर मोजलीत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पेट्यांसकट?"

"हो."

त्यांच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं आणि अर्ध्यात तुटलं. "तुम्ही ना... त्याला सांगायला हवं होतंत. चिडला असता. दोन शनिवार आला नसता. मग तिसऱ्या शनिवारी हे आठवून इतका हसला असता, इतका, की मला त्याला पाणी द्यावं लागलं असतं. आफ्रिका काय, ती राहिली असती नाहीतर झाली असती. पण तुमचा हा किस्सा त्याला सगळ्यात आवडला असता, सदाभाऊ. आणि तो त्याला मिळालाच नाही." मग त्यांनी रुमाल पर्समध्ये ठेवला. "आता गिऱ्हाईक आलं की गप्प बसा."

मी गप्प बसलो. एक जोडपं आलं, दोघंही इथल्या शाळेत शिक्षक, केनियाला निघालेले. मी त्यांना पास्कलची वही दिली, रेघांचं गणित समजावलं, गवताची जाळी दाखवली. उंची त्यांनी विचारण्याआधीच मी ती त्यांच्यासमोर मोजली, टायर भरून, फरशीवर. महिन्याच्या शेवटी ते गाडी नेतील.

तोवर आणखी दोन शनिवार आहेत. मी दहाला शेडमध्ये जातो, गाडीत बसतो. ड्रायव्हरच्या जागेवर नाही, शेजारी. पास्कल बुटका होता. त्याची सीट इतकी पुढे ओढलेली आहे की मी तिथे बसलो तर पोट स्टिअरिंगमध्ये अडकेल, आणि तो खटका दाबून ती सीट मागे सरकवायचं काम मी त्या मास्तरांवर सोडलंय. मी दार लावून घेतो आणि त्याला तो किस्सा सांगतो. अगदी सुरुवातीपासून, मोठ्याने, बाहेरचे कामगार काय म्हणतील याची पर्वा न करता. पहिल्यांदा धड जमला नाही, घाईत आटोपला. आता जरा रंगतो. मी टेकडीपलीकडे फावडं घेऊन गेलेला पास्कल दाखवतो, फोनवरचा माणूस दाखवतो, रुतलेल्या चाकाशी टेप धरून वर बघणारा मी दाखवतो. "आणि मी म्हटलं, लिहून घ्या, दोन मीटर बावीस..." इथे तो हसला असता. इथे मी थांबतो. तो नीट हसून घेईपर्यंत.