वेगळी रांग

आईबाप नसलेल्या मुलांना तुम्ही कधी हात वर करायला लावलंय? मी लावलंय. बारडोलीजवळच्या ऊसतोड कामगारांच्या पडावावर आम्ही काही जण डिंडोलीहून मुलांना वाटायला खिचडी घेऊन गेलो होतो. खिचडी थोडी होती, म्हणून मी अनाथ मुलांना हात वर करून वेगळ्या रांगेत यायला सांगितलं. कुणीच आलं नाही. सात-आठ वर्षांची एक मुलगी तर बैलगाडीमागे लपली.

तेवढ्यात फडातून एक बाई आली. उसाने काळे झालेले हात पदराला पुसत तिने माझ्या हातातला वाढायचा डाव काढून घेतला.

"रांग नको लावू, भाऊ. कोनले माय नही, ते समदासले दिखस." रांगेत कुणाला आई नाही ते सगळ्यांना दिसतं, असं ती म्हणत होती.

"पण मावशी, सगळ्यांना पुरणार नाही."

"मन्या भाकरी शेतस ना."

माझ्या भाकरी आहेत ना, असं म्हणत तिने स्वतःच्या दुपारच्या भाकरी एका परातीत कुस्करल्या, वर खिचडी ओतली आणि पडावावरची सगळी पोरं परातीभोवती बसवली. तिची दोन त्यांतच होती. गाडीमागची मुलगी येऊन त्यांच्यात घुसली आणि दोन्ही हातांनी खाऊ लागली. आता अनाथ कोण, ते मलाही सांगता येईना.

तुम्ही अशा वस्तीवर जाल, तेव्हा सगळ्या पोरांना पुरेल इतकं न्या. आणि कुणाला आई नाही, हे विचारू नका.