मायचा खर्चा

दादांचा पगार आर्धा झाला त्या दिवशी आमच्या घरात सणासारखी धांदल उडाली. आता हे ऐकून कुणी म्हणेल, बाई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? आहे, बिलकुल ठिकाणावर आहे. जे झालं तेच सांगते.

दादा म्हणजे माझे वडील. नवीन जालन्यात एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते काट्यावर होते. खेड्यापाड्यांतून कापसाच्या गाड्या यायच्या, त्या तोलून घ्यायचं त्यांचं काम. लढाई सुरू झाल्यावर कापूस परदेशी जाईना, भाव पडला, आणि एका साली जिनाच्या शेटनं सांगून टाकलं की आर्ध्या पगारावर राहायचं तर राहा, नाही तर दुसरीकडं बघा. दुसरीकडं कुठं बघणार? सगळ्याच जिनांची तीच गत होती. दादा घरी आले, टोपी खुंटीला लावली, चूळ भरली आणि म्हणाले, "चला, सगळे बसा बरं. आज आपल्या घरात इजलास भरणार हाय."

इजलास म्हणजे कोर्ट. निजामाच्या राज्यातली माणसं आम्ही, असले शब्द आम्हाला पाठच असायचे. पण घरात इजलास! मी आणि माझा धाकटा भाऊ उड्या मारतच चटईवर बसलो. आत्या, म्हणजे दादांची थोरली बहीण, भिंतीला टेकली. ती विधवा होऊन आमच्याकडंच आली होती. माय चुलीपुढून उठून दाराशी येऊन उभी राहिली.

दादांनी सगळं खरं सांगितलं. मंग म्हणाले, "खर्चा कमी करायचा. पर कुणाचा खर्चा कुणी तोडायचा न्हाई. ज्यानं त्यानं आपला एक खर्चा आपल्या तोंडानं सोडायचा. पहिला मी. स्टेशनावरच्या हॉटेलातला चहा बंद."

अरे बाप रे! दादा आणि चहा बंद! आम्ही टाळ्याच वाजवल्या. मंग आत्याची पाळी. आत्याची चैन एकच, तपकीर. तिनं कनवटीची डबी काढली, उघडली, वास घेतला, मिटली, पुन्हा उघडली. "आत्या, जल्दी कर!" मी ओरडले. शेवटी तिनं एक जंगी चिमूट नाकात कोंबली, घर हादरेल अशी शिंकली आणि म्हणाली, "ही शेवटची. डबी रिकामी झाली की नवी आणायची न्हाई." भावानं पतंग आणि मांजा सोडला, तोही डोळ्यांत पाणी आणून. मी बांगड्या सोडल्या. सणाला कासार आला की मला डझनभर लागायच्या. पण त्या संध्याकाळी अंगात असं काही वारं भरलं होतं की बांगड्याच काय, मी वेणीसुद्धा कापून दिली असती!

दादा खूश झाले. मला म्हणाले, "तू या घराची कोतवालीण. खर्च्यावर तुझी नजर." मला तर स्वर्ग दोन बोटं उरला.

आणि लागलीच मी कोतवाली सुरू केली. "माय, आता तू. तुझा कोणता खर्चा?"

माय विचारात पडली. आम्ही सगळे मदतीला धावलो. चहा? मायला चहा उरला तर मिळायचा, नाही तर नाही. पान? ती खात नव्हती. डोक्याचं तेल? माझी वेणी घालून झाली की हाताला राहिलेलं तेल ती आपल्या केसांना पुसायची. बांगड्या? हातातली फुटेपर्यंत तिला दुसरी लागत नव्हती. भाऊ म्हणाला, "माय, तुझा तर खर्चाच न्हाई!" आणि आम्ही सगळे हसलो. खरंच, मायच्या नावावर लावावा असा एक छदामही त्या घरात खर्च होत नव्हता.

माय ओशाळली. सगळ्यांनी काही ना काही सोडलं आणि आपणच रिकाम्या हाती, असं तिला वाटलं असावं. मंग एकदम तिचा चेहरा उजळला. "गिरणी बंद करा! मी घरीच दळते. दळणावळीचे पैसे वाचतेत."

"वाहवा!" दादा म्हणाले. "ही खरी लक्ष्मी!" आत्या म्हणाली. आणि कोतवालीणबाईंनी जागच्या जागी हुकूम सोडला, "मंजूर!"

आता गिरणीचं सांगायला पाहिजे. दोनेक सालांपूर्वी आमच्या गल्लीच्या टोकाला इंजनाची पिठाची गिरणी आली होती. तिच्या आधी माय पहाटे, अंधार असतानाच उठून जात्यावर बसायची. गिरणी आली आणि जातं ओसरीच्या कोपऱ्यात पडलं. त्याच्यावर आत्या पापड वाळवायची. आणि माय, बाईजातीत कुणी ऐकलं नव्हतं असं, जिनाचा पहिला भोंगा होईस्तोवर झोपायची. उठली की तोंड कसं ताजं दिसायचं तिचं! गुणगुणायची, आमच्याशी थट्टा करायची. ते सगळं आम्ही टाळ्या वाजवून बंद केलं.

पहिले दिवस मला कळलंसुद्धा नाही. मी माझ्या कोतवालीत गुंग. कंदिलाची वात कमी कर, चहाची पत्ती वाळवून पुन्हा उकळ, भावाच्या हातातून गुळाचा खडा काढून डब्यात टाक. दादा हॉटेलवरून जाताना मान वळवून बघतात का, हे बघायला मी एकदा जिनापर्यंत त्यांच्या मागं गेल्ते! त्यांनी मान वळवली, पण पाय वळवले नाहीत. मी पास केलं. आत्या रिकामी डबी नुसती हुंगायची, त्यालाही मी आधी हरकत घेतली, मंग सोडून दिलं. काय मजा होती म्हणून सांगू! गरिबी आली होती म्हणे, पण आमच्या घरात रोज हसून हसून पोटं दुखायची.

एक दिवस सकाळी जळका वास आला. भाकर जळतेय! म्हणजे नासाडी! कोतवालीण धावली. चुलीपुढं बघते तर तव्यावर भाकर काळी ठिक्कर, आणि माय पिठाचे हात मांडीवर ठेवून बसल्या बसल्या झोपलेली. मान पुढं पडलेली. पदराचं टोक चुलीच्या तोंडाशी.

मी पदर ओढला, तशी ती दचकून उठली. "अगं बाई, डोळा लागला का काय! दादांना सांगू नको हां," म्हणाली आणि जळकी भाकर आपल्याच ताटलीत टाकली.

माझं डोकं असं सटकलं! सांगू नको? मी गल्लीभर सांगितलं असतं. संध्याकाळी दादा आले तशी मी त्यांना टोपीसुद्धा काढू दिली नाही. "आज माझा इजलास हाय. बसा खाली."

ते हसत बसले. मी हसत नव्हते. "दादा, तुमी चहा सोडला. आत्यानं तपकीर सोडली. मायनं काय सोडलं, बोला."

"गिरणी," भाऊ म्हणाला.

"गिरणी न्हाई, झोप सोडली! झोपेला काय पैसे पडत होते का? तिच्यापाशी एकच चीज होती, ती बी फुकटातली, ती बी घेतली आपण. आन् वरून वाहवा केली!"

"जाऊ द्या वं, पोरगी हाय, कायबी बोलती," माय म्हणाली. पण ते खोटं आहे असं काही ती म्हणाली नाही. डोळे खाली घालून ती दाराची चौकट नखानं खरवडत राहिली. दादांनी तिच्याकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मंग म्हणाले, "उद्यापासून मी दळतो."

आत्यानं कपाळावर हात मारला. "अरे, बाप्यानं जात्यावर बसायचं? लोकं तोंडात शेण घालतील!" तिचंही चुकत नव्हतं. आमच्या गल्लीत बाप्या जात्यावर बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. पण आत्याचा खांदा गेलेला, माझे हात काटकुळे, आणि गिरणीला पैसा नाही. दादा म्हणाले, "दार लावून घेऊ. कोण बघतंय?"

"ऐकतील की! बाई दळायला बसली तर ओव्या म्हणती. मुकं जातं ऐकून खालाबी सगळ्यात आधी विचारील, काय झालं म्हणून." खालाबी म्हणजे शेजारीण. तिची आमची भिंत एक होती.

तेव्हा असं ठरलं की दळतील दादा आणि ओव्या म्हणेल आत्या.

ती पहाट मी जन्मात विसरणार नाही! दार बंद, खिडकी बंद, दादा मुंडासं गुंडाळून जात्याशी बसले, जसं काही रेल्वेच चालवायची आहे. खुंटा धरला आणि काय फिरवलं! घर्रर्र! आत्यानं घाईघाईनं सूर लावला. माझा भाऊराया घोड्यावरून येतो, त्याच्या शेल्याला जरीचा काठ, त्याला पाहून वेशीतली माणसं उठून उभी राहतात, असं तिनं गायलं. आणि समोर तो भाऊराया बनियनवर, घामानं निथळत, मिशीला पीठ लागलेला. माझं नि भावाचं हसू आवरेना, आम्ही तोंडात पदर-बिदर कोंबून लोळत होतो. तेवढ्यात आतून, अंथरुणातून, मायचा आवाज आला, "मूठ लहान टाका वं! जाडं पडून राह्यलंय!"

दादा थांबले. आत्याला म्हणाले, "हे तुमी बाया रोज म्हणता? आमच्याबद्दल?"

"मंग कुणाबद्दल?"

"आन् आमी घोरत पडतो," दादा म्हणाले. पुन्हा त्यांनी खुंटा धरला, पण आता हळू, गाण्याच्या चालीवर. आत्याचा सूर मधेच चिरकला, तिनं डोळे पुसले आणि पुढची ओवी उचलली.

पीठ कसलं, रवाच होता तो. भाकरी फुटायच्या, आम्ही कुस्करून कालवणात खायचो. पण हळूहळू दादांचा हात बसला, आणि माय झोपायला लागली. आधी नुसती पडून राहायची, मंग खरोखरच.

आमचं बिंग खालाबीनंच फोडलं. एका पहाटे ती विस्तव मागायला आली, भावानं झोपेत दार उघडलं, आणि ती उंबऱ्यातच थिजली. दादाही थिजले. आत्या मात्र घाबरून गातच राहिली! खालाबी पोट धरून खाली बसली. हसणं ओसरल्यावर म्हणाली, "भाईजान, हमारे घर में बी दो सेर जवारी पडी है!"

दुपारपर्यंत गल्लीला कळलं, संध्याकाळपर्यंत जिनाला. जिनातले लोक दादांना "चक्कीवाले" म्हणायला लागले. दादा म्हणायचे, "हां, आणा दळण. बराबर तोलून घेईन, बराबर दळून दीन." चिडवणाऱ्यांचीच मजा गेली.

पुढच्या हंगामाला कापसाचा भाव सावरला, पगार पुरा झाला. पुन्हा इजलास भरला, आणि त्या दिवशी काय जल्लोष! आत्याची तपकीर चालू, भावाचा मांजा चालू, माझ्या बांगड्या चालू, दादांचा चहा चालू. "आन् गिरणी चालू," दादा म्हणाले, "ज्याचं त्याला मिळालं."

"माझं न्हाई मिळालं," माय म्हणाली.

"गिरणी सुरू केली की!" आत्या म्हणाली.

"गिरणी काय माझी एकटीची हाय, आक्का? भाकरी तर सगळेच खातेत." ती थांबली नाही. "उद्या पुन्हा पैसे कमी पडले, तर मी काय सोडू? मला बी एक खर्चा लावून द्या."

दादा असे खुलले की बस! "सांग, काय पाहिजे?"

तिला काही सांगता येईना. तिनं तशी सवयच केली नव्हती. मंग आम्ही सगळी वरात बाजारात काढली. ही बघ खोबरेलाची बाटली, हे बघ अत्तर, हा बघ वासाचा साबण! ती प्रत्येक वस्तूला हात लावायची आणि पुढं चालायची. फिरत फिरत स्टेशनापर्यंत आलो. तिथं सोडावाल्याची गाडी होती. त्यानं कुणा गिऱ्हाइकाची बाटली फट्‌दिशी उघडली, आणि माय थांबली.

"हे," ती म्हणाली. "म्हैन्याला एक."

बाईमाणसानं स्टेशनासमोर उभं राहून सोडा प्यायचा! आत्यानं पदर तोंडाला लावला. दादांनी पैसे पुढं केले. सोडावाल्यानं लेमनची पिवळी बाटली काढली, गोळी आत दाबली, फेस उसळला. मायनं रस्त्याकडं पाठ केली आणि बाटली तोंडाला लावली. नाकात फेस गेला, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती लहान पोरीसारखी खिदळली. भावानं नेहमीसारखा हात पुढं केला. मीही केला. आमच्या घरात मायच्या हातात आलेली वस्तू म्हणजे आमचीच असायची.

"न्हाई," माय म्हणाली. "हा माझा खर्चा हाय."

आणि तिनं बाटली तळापर्यंत एकटीनं संपवली. तोंड पुसलं, रिकामी बाटली सोडावाल्याला परत दिली आणि विचारलं, "पुढल्या म्हैन्यात बी इथंच असता ना?"