गुहेच्या दारातले बूट

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण हे सांगताना मलाच हसू आवरत नाही आणि गोष्ट अर्धी राहते. धारवाडजवळ नवनगरच्या आमच्या घरी कुणी चहाला आलं की अप्पा म्हणतातच, "वैजू, ते जर्मनीचं सांग की." म्हणजे डिग्रीचं नाही हं. बुटांचं.

मी जर्मनीत शिकत होते. युनिव्हर्सिटीनं आम्हा परदेशी विद्यार्थ्यांची एका दिवसाची सहल काढली. आधी चुनखडीची गुहा, मग हद्दीपलीकडचा ऱ्हाइन नदीचा धबधबा. अठ्ठावीस जण, दहा-बारा देशांचे. मी नाव घातलं ते धबधब्यासाठी, आणि तेही अप्पांसाठी. धारवाडच्या शाळेत अप्पांनी तीस वर्षं भूगोल शिकवला. हा धबधबा त्यांनी फक्त नकाशात पाहिलेला. "तिथनं व्हिडिओ कॉल कर," एवढंच त्यांचं मागणं. तिकडच्या चार वाजता, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेसातला, तीन रिटायर्ड मास्तरांना चुरमुऱ्यांचं गिरमिट खायला बोलावून ते फोनसमोर बसणार होते.

गुहेच्या दाराशी रांगेत पहिली मी. गाईडबाई दिवे लावायला आत गेलेल्या. दाराबाहेर भिंतीला लागून चार-पाच जोड बूट ओळीनं ठेवलेले.

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? दारात चपला दिसल्यावर आपण विचार करत बसतो का? मला कळायच्या आत माझे बूट निघालेसुद्धा. मोजे आत कोंबून ओळीला लावूनही झाले.

माझ्या मागे दोन जपानी मुली होत्या. त्यांनी काही न विचारता काढले. त्यांच्या मागे पाउलो, सहा फुटी ब्राझीलचा गडी. तो म्हणाला, "काढायचे असतात का?"

खरा घोळ इथं झाला. "माहीत नाही" एवढंच म्हणायचं होतं. पण मास्तराची मुलगी "माहीत नाही" म्हणेल कशी? मी ठोकून दिलं, "हो तर. चुनखडी फार नाजूक असते. बुटाच्या मातीनं खराब होते."

पाउलोनं ते मागे सांगितलं, मागच्यानं त्याच्या मागे. शेवटच्या माणसापर्यंत पोचेस्तोवर त्याचा सरकारी नियम झाला होता.

आत काळोख, छतावरून पाणी टपकतंय, आणि खालचा दगड असा गार की पाय आहेत की गेले ते कळेना. गाईडबाई टॉर्च वर मारून झुंबरासारखे दगड दाखवत होत्या, त्यामुळे खाली त्यांचं लक्षच नाही. उलट म्हणाल्या, "इतका शांत ग्रुप मी पाहिला नाही." शांत कसले, सगळे दात आवळून चालले होते.

पाउलो माझ्या कानाशी म्हणाला, "वैजू, नाजूक नक्की कोण? चुनखडी की मी?"

बाहेर पडायचा रस्ता निघाला डोंगराच्या पार दुसऱ्या बाजूला. उजेडात आल्यावर गाईडबाईंनी खाली पाहिलं. "तुमचे बूट कुठायत?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चाचरत दारातल्या बुटांचं सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "ते सफाईवाल्यांचे बूट. धुऊन वाळत घातलेत."

बसनं डोंगराला वळसा घालून परत दारापाशी गेलो. तिथं कुणीतरी वाट मोकळी करायला सफाईवाल्यांचे नि आमचे सगळे बूट दोन मोठ्या क्रेटमध्ये भरून ठेवलेले. आम्ही अठ्ठावीस जण क्रेटवर वाकून जोड जुळवतोय, आणि बरोब्बर चारला फोन वाजला. अप्पा!

"दाखव, दाखव. सगळे बसलेत बघ."

घाबरून मी कॅमेरा बुटांवरच फिरवला. पलीकडून तिघांतले कुलकर्णी मास्तर म्हणाले, "एनव्वा इदु? हे काय दाखवतीस? कुठल्या देवळाबाहेर उभी आहेस?"

सगळं कबूल केलं. अप्पा म्हणाले, "तीस वर्षं घसा फोडला मी, एक वर्ग माझं ऐकला नाही. तू एका वाक्यात अठ्ठावीस जणांना अनवाणी केलंस?" मग हळूच, "आणि धबधबा?"

"उशीर झालाय, अप्पा. आज जमेलसं वाटत नाही."

"आयतु बिडु. राहू दे."

ते "राहू दे" मला फार लागलं. रडूच आलं. पाउलोला भाषा कळली नाही, पण चेहरा कळला. त्यानं विचारलं, मी सांगितलं. आणि ज्यांचे पाय मी गारठवले होते तेच लोक म्हणाले, मधली कॉफी नको, सरळ धबधब्याला चला. हाताला लागेल ते पायात घालून सगळे बसकडे पळाले.

पोचलो तेव्हा धबधब्याजवळ नेणारी शेवटची बोट गेली होती. पण धबधबा थोडाच बंद होतो? मी कठड्याशी उभी राहून फोन लावला. मास्तरमंडळी अजून बसूनच होती. अप्पांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "पोरांना मी उंची सांगितली, रुंदी सांगितली. हा आवाज सांगायचा राहूनच गेला बघ."

ते ऐकून मी फोन विसरून धबधब्याकडेच बघत राहिले. फोनचा हात खाली आला, आणि कॅमेरा माझ्या पायांवर. तेवढ्यात कुलकर्णी मास्तर म्हणाले, "मास्तर, पोरीचा एक बूट निळा आणि एक काळा आहे की!"

वाकून बघते, तर उजव्या पायात सफाईवाल्याचा बूट. पाय इतके बधिर झालेले की समजलंच नव्हतं. देवळाबाहेरून दुसऱ्याच्या चपला घालून जाणाऱ्यांना मी धारवाडात जन्मभर शिव्या दिल्या. जर्मनीत ती मीच निघाले.