दोन महिन्यांची कमाई, आठ दिवसांची सुट्टी

माझे वडील चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. पुढे दुकान, आरसे, काचेची कपाटं आणि गोड बोलणारे मालक. मागे पडद्याआड एक खोली, आणि त्या खोलीत बाबा. नंबरची काच घ्यायची, पाणी ठिबकणाऱ्या चाकावर तिच्या कडा फ्रेमच्या मापाला उतरवायच्या, मग भिंगातून बघत बारीक स्क्रू आवळायचे. त्या खोलीला खिडकी नव्हती. संध्याकाळी घरी आले की नखांत पांढरा गाळ असायचा. चपला काढायच्या आधी ते गॅलरीत जाऊन गल्लीच्या टोकाकडे नुसते बघत उभे राहायचे. आई आम्हाला म्हणायची, थांबा जरा, डोळे सैल करतायत.

उन्हाळ्यात मालक आठ दिवस दुकान बंद ठेवत. त्या आठ दिवसांत आम्ही बाहेरगावी जायचोच. एका वर्षी तळं, एका वर्षी डोंगर, एका वर्षी समुद्र. आमच्या गल्लीत असलं कुणी करत नसे. आमच्याहून दुप्पट मिळवणारी माणसंसुद्धा फार तर लग्नाला नाहीतर मयतीला गाव सोडायची. आमच्याकडे मात्र पगार झाला की आधी सहलीचे पैसे बाजूला पडत, मग किराणा. माझा शाळेचा बूट अंगठ्याशी फाटला तर तो शिवून यायचा, पण सहल रद्द झाली असं कधी झालं नाही.

मामा बँकेत कारकून होते. एका रविवारी त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला आमच्या सहलीचा हिशोब मांडला. गाडीभाडं, खोली, होडी, आणि आठ दिवस आईचं काम बुडतं ते. मग पेन खिशाला लावून म्हणाले, "दाजी, दोन महिन्यांची कमाई तुम्ही आठ दिवसांत उडवता. म्हणजे दहा महिने जेवायचं आणि दोन महिने हवा खायची."

आम्ही सगळे हसलो. बाबाही हसले आणि म्हणाले की हौसेला मोल नसतं. त्यावर मामा म्हणाले, हौसेला नसतं, तिकिटाला असतं.

आई तेव्हा दाताने दोरा तोडत होती. ती एका कपड्यांच्या कारखान्यासाठी घरबसल्या काजं आणि बटणं करायची. सोमवारी शर्टांचा गठ्ठा यायचा, शनिवारी जायचा. जितके शर्ट तितके पैसे, एक बटण सैल निघालं तर त्या शर्टाचे गेले. सहलीला जायचं म्हणजे तिचा एक गठ्ठा बुडायचा. ते पैसे भरून काढायला आधीचे तीन आठवडे ती दीडपट काम उचलायची. तर्जनीचं टोक सुईने चाळणीसारखं व्हायचं. मग तिथं चिकटपट्टी गुंडाळून ती भांडी घासायची. मामांच्या हिशोबात बुडालेला गठ्ठा होता. हे तीन आठवडे नव्हते.

आणि सहल स्वस्तात बसवायची तर जेवण बाहेर घेऊन कसं चालेल? आमच्या सामानात सगळ्यात जड पिशवी आईची असायची. वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्टोव्ह, तांदूळ, डाळ, तेलाची बाटली, कांदे-बटाटे, एकात एक बसवलेली पातेली. खोली बघताना बाबा खिडकी कुठं उघडते ते बघायचे. आई बघायची नळ कुठं आहे. सकाळी आम्ही कडा बघायला निघालो की ती म्हणायची, तुम्ही व्हा पुढं, मी आवरून येतेच. मी मागं वळून बघायचे. ती फार क्वचित यायची. आवरणं संपायला ते संपणारं काम असावं लागतं. न्याहारीची भांडी होईतो दुपारचा भात, मधे चौघांचे कपडे. संध्याकाळी बाबा तिला दिवसभर बघितलेलं सगळं सांगत. सांगायचे फार छान. दरीतून धुकं कसं वर चढलं, होडीवाला कसा गात होता. ती तांदूळ निवडत ऐकायची.

घरी परतल्यावर शेजारच्या काकू विचारायच्या, काय काय बघितलं? मग आई त्यांना ते धुकं आणि तो होडीवाला बाबांच्याच शब्दांत सांगायची, हातवाऱ्यांसकट. मी लहान होते तेव्हा मला ते खोटं बोलणं वाटायचं. पुढं कळलं की नवऱ्याचा खर्च वाया गेला असं जगाला वाटू नये, म्हणून तिची ही धडपड होती.

सोळाव्या सहलीला दीड महिना होता. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, धाकटी बहीण शाळेत. एका दुपारी मी लवकर घरी आले तर आई ओट्याला टेकून उभी होती. डावा हात पोटाशी घट्ट दाबलेला, उजव्या हातात उलथनं तसंच. भाजी करपत होती आणि तिला वास येत नव्हता.

मी विचारलं तेव्हा म्हणाली, अधूनमधून दुखतं. कधीपासून? म्हणे, झाले दोन-तीन महिने. गल्लीतल्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात तपासून घ्या म्हणून चिठ्ठी दिली होती. ती चिठ्ठी तिने तांदळाच्या डब्याखाली ठेवली होती. मी ती हातात घेतली तर तिने काढून घेतली.

"तिकिटं काढून झालीत," ती म्हणाली. "आल्यावर जाऊ. त्यांना सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. मला वाटलं, आईला तिचं कळत असणार. खरं सांगायचं तर मलाही जायचं होतं. त्या वर्षी समुद्र होता.

समुद्रावर आठ दिवस तिने स्वयंपाक केला. खाली वाकताना एक गुडघा टेकायची, बाकी काही कळू द्यायची नाही. बाबा रोज वाळूत लांबवर चालत जायचे आणि परत येऊन सांगायचे. एका संध्याकाळी ती आमच्याबरोबर पाण्यापर्यंत आली, तिथंच बसली, आणि उठताना माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला. मी बाबांकडे बघितलं. ते क्षितिजाकडे बघत होते.

परत आल्यावर आई दवाखान्यात गेली ती राहिलीच. डॉक्टरांनी बाबांना आणि मला खोलीत बोलावून सांगितलं की आजार पसरलाय. मी विचारलं, दोन महिने आधी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित थोडा वेळ मिळाला असता, कदाचित नाही. मी ते "कदाचित" अजून टाकून देऊ शकलेले नाही.

पैसे लागले आणि घरात नव्हते. मामांनी स्वतःच्या ठेवी मोडल्या. त्यांचे ते उपकार मला कधीच विसरता येणार नाहीत. पण बहिणीचा जीव जाताना माणूस बोलून जातो. वॉर्डाबाहेरच्या बाकावर ते बाबांना म्हणाले, "सोळा वर्षांचे ते पैसे आज असते, तर माझ्या बहिणीला या वॉर्डात बत्तिसाव्या खाटेवर झोपावं लागलं नसतं." बाबा हात मांडीखाली घेऊन बसून राहिले. मामाच उठून पाणी आणायला गेले, ते बराच वेळ आले नाहीत.

आई मात्र त्या बत्तिसाव्या खाटेवर खुश होती. हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण खरं आहे. दोन वेळा झाकलेलं ताट यायचं. सकाळी कुणीतरी येऊन चादर बदलायचं. तिच्या खाटेसमोर खिडकी होती. तिच्यातून पाण्याची टाकी आणि एका झाडाचा शेंडा दिसायचा. ती तासन् तास तिकडे बघत पडायची. पहिल्या दिवशी ताट आलं तेव्हा तिने सवयीने आम्हाला विचारलं, तुमचं झालं का? मग स्वतःशीच हसून जेवायला लागली. पाचव्या दिवशी मला म्हणाली की इथं बरं आहे, आयतं मिळतं. तिला दोनच घास जायचे, पण ते ती सावकाश खायची.

एका दुपारी बाबा तिच्या पायाशी बसले होते. म्हणाले, बरी झालीस की या वेळी जेवण खोलीत येतं अशा ठिकाणी जाऊ, मग कितीही लागोत.

"लग्न झाल्यावर आपण तळ्यावर गेलो होतो," ती म्हणाली. "दोनच दिवस. खानावळीत जेवायचो. मी किती हसत होते, आठवतं?"

"विसरेन कसा? तू परत तशी हसावीस म्हणून तर दरवर्षी..."

"तुम्हाला वाटलं, मी तळ्याला हसले." तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. "तळं चांगलंच होतं हो. पण ते दोन दिवस मला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं."

बाबांना समजायला वेळ लागला. मग त्यांनी एवढंच विचारलं की सांगितलं का नाहीस. आई म्हणाली, तुम्ही वर्षभर त्या खोलीत आठ दिवसांच्या आशेवर बसायचा, ते मी कशी मोडू? हे ती चिडून बोलली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, असं बाबा मला पुढं एकदा म्हणाले.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी आई गेली. ताट नुकतंच आलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात दुकान नेहमीसारखं आठ दिवस बंद झालं. पहिल्या दिवशी सकाळी मी चहा ठेवायला उठले तर बाबा आधीच ओट्याशी होते. आईचं कारखान्याचं काम आता मी करत होते, शिवाय घर. बाबा म्हणाले की हे आठ दिवस तू कशाला हात लावायचा नाहीस. त्यांना काही येत नव्हतं. भातात पाणी कमी पडलं की आच जास्त झाली, कुणास ठाऊक, वर कच्चा आणि खाली करपलेला असा तो निघाला. मी उठायला लागले की म्हणायचे, बस. मला बसवेना. धाकटीने मुकाट्याने खाल्लं आणि मैत्रिणीकडे निघून गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते भांडी घासत होते आणि माझ्याने राहवलं नाही. मी सांगून टाकलं. ओट्याला टेकलेली आई, ती चिठ्ठी, तांदळाचा डबा, आणि मी गप्प राहिले ते. वर्षभर पोटात ठेवलेलं होतं. सांगताना मला वाटत होतं की आता बाबा मला घराबाहेर काढतील, आणि काढलं तर बरं होईल.

बाबांनी नळ बंद केला. माझ्याकडे पाठ करूनच उभे होते.

"चिठ्ठी मला माहीत नव्हती," ते म्हणाले. "पण तिला दुखतंय ते मी बघितलं होतं. निघायच्या आधीच. दोनदा बघितलं."

त्यांनी ओले हात शर्टाला पुसले.

"विचारलं असतं तर जाणं राहिलं असतं. मी मनाची समजूत घातली की समुद्राच्या हवेनं बरं वाटेल तिला." मग खाली बघत म्हणाले, "लोकांना बारीकसारीक दिसावं म्हणून मी जन्मभर काचा घासल्या, असं मालक म्हणतात गिऱ्हाइकांना. हसायचो मी त्यावर."

त्यांनी पुन्हा नळ सोडला आणि राहिलेलं पातेलं घासायला घेतलं. मी उठून त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि भांडी पुसायला लागले. या वेळी त्यांनी मला बस म्हटलं नाही.

त्यानंतर बाबांनी अकरा वर्षं दुकानात काम केलं आणि कुठंही गेले नाहीत. मामांनी त्यांच्या नावाने खातं उघडून दिलं. सहलीचे पैसे दरवर्षी तिथं जाऊ लागले. त्यातून धाकटीचं नर्सिंगचं शिक्षण झालं. मामा एकदा मोठ्या समाधानाने पासबुक दाखवायला घेऊन आले, तर बाबांनी ते न उघडताच परत दिलं. बाकावरचं बोलणं मामांनी पुन्हा कधी काढलं नाही, आणि बाबांनीही नाही.

माझं लग्न झालं, मुलं झाली. आम्हीही सुट्टीला जातो. आमच्या मिळकतीच्या मानाने किती जावं यावर माझं आणि नवऱ्याचं दरवर्षी एकदा भांडण होतं. बाबांना बरोबर चला म्हटलं की म्हणतात, तुम्ही जाऊन या. आल्यावर आम्ही त्यांना सगळं सांगावं अशी त्यांची अपेक्षा नसते. मुलं सांगतात, तेव्हा ऐकतात.

भांडी घासतानाच्या त्या दुपारच्या बोलण्याबद्दल बाबा आणि मी परत कधी बोललो नाही. फक्त तेव्हापासून एकमेकांशी आवाज चढवून बोलायचं आम्हाला जमलेलं नाही.