कुंदाकाकूंच्या पाऱ्या

पालक पिळताना कुंदाकाकू कुणाशी बोलत नसत. बारीक चिरलेल्या पालकाला मीठ चोळून तो अर्धा तास ठेवायचा, मग जुन्या सुती पंच्यात बांधायचा आणि सिंकपाशी उभं राहून तो पंचा असा पिळायचा की हिरवं पाणी धारेनं खाली पडे. शेवटचा थेंब गळला की पंचा सोडत म्हणत, "पाण्यासकट भरलं तर भाजी होते. मला भाजी करायची नाहीये."

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला टेक्सासमधल्या प्लेनोत येऊन चार महिने झाले होते. नागपुरात मी सिव्हिल इंजिनिअर होते, इथे डिपेंडंट व्हिसावर कामाची परवानगी नव्हती. एकदा इंडियन ग्रोसरीत एका सत्तरीच्या बाईंनी माझ्या हातातली पालकाची जुडी काढून घेतली, हुंगली आणि परत ठेवून दिली.

"ही शिळी आहे. त्या खोक्यातली घे. नाव काय तुझं?"

"मेघना."

"दुपारी काय करतेस, मेघना?"

दुपारी मी काहीच करत नव्हते. त्याच दुपारी मी त्यांच्या ओट्याशी उभी होते.

काकू मूळच्या अकोल्याच्या, वनस्पतिशास्त्रात एमएस्सी. इथे ती पदवी कुणी विचारली नाही, म्हणून एका शाळेच्या कॅफेटेरियात स्वयंपाकाला लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. त्याची खंत त्यांच्या बोलण्यात कधी आली नाही. "पानं ओळखायला शिकले होते, पानांतच राहिले," एवढंच म्हणायच्या.

त्या कॅफेटेरियात त्यांना दिमित्रा भेटली. ग्रीसच्या उत्तरेकडच्या डोंगराळ खेड्यातून आलेली. एका रविवारी तिनं काकूंना घरी बोलावून स्पॅनाकोपिता करून दाखवली. मैद्याच्या कागदासारख्या पातळ पाऱ्या, प्रत्येकीवर तेलाचा हात, मधे पालक, शेपू, कांद्याची पात आणि खारट फेटा चीज, मग सगळं भलंमोठं ताट ओव्हनमध्ये. काकूंचा हात चिरोट्यांवर तयार झालेला. दिमित्राचं काठीसारखं लांब लाटणं त्यांनी घेतलं आणि तिसरीच पारी न फाटता टेबलभर पसरली.

अडचण होती ती अंड्याची. "मी अंडं खात नाही म्हटल्यावर ती हसायलाच लागली," काकू सांगत. "म्हणाली, आमच्या उपासाला अंडं नाही, दूध नाही, चीज नाही. आणि तेसुद्धा चाळीस-चाळीस दिवस! मला वाटायचं, उपास काय ते आपणच करतो." मग दिमित्रानं त्यांना उपासाचा प्रकारच आधी शिकवला. स्पॅनाकोपिताच्या नावात पिता असला तरी काकू तिला 'ती'च म्हणत.

पुढे त्यांना नादच लागला. ओट्यावर पीठ भुरभुरवून त्या बोटानं नकाशा काढत. "हे डोंगर. इथे पालक मिळेलच असं नाही, मग चाकवतासारखी जी रानभाजी हाती लागेल ती. ही बेटं. इथे पारीची गुंडाळी करून वेटोळं घालतात आणि तळतात. हा बोस्निया, इथेही वेटोळंच, पण भाजतात. आणि हे लेबनॉन. इथे पारीच नाही. पावाच्या पिठाचे बंद त्रिकोण, आत पालक, कांदा, लिंबू आणि सुमाक नावाची आंबट लाल भुकटी." हा शेवटचा प्रकार त्या एका लेबनीज बेकरीवालीच्या मागे लागून शिकल्या होत्या.

"यातली खरी कुठली, काकू?" मी विचारलं.

"जिचं पाणी नीट काढलंय ती."

दिमित्राच्या चर्चची दर शरद ऋतूत जत्रा भरे. तिथल्या स्पॅनाकोपिता वर्षानुवर्षं दिमित्राच करायची, काकू मदतीला असत. दिमित्रा कॅन्सरनं गेली. जाण्याआधी तिनं काकूंना सांगितलं होतं, की जत्रेत विकतच्या पाऱ्या येऊ देऊ नकोस. पुढची दोन वर्षं काकूंनी ते एकटीनं निभावलं. तिसऱ्या वर्षी जत्रेच्या समितीवर निकोस नावाचा तरुण गृहस्थ आला. त्यानं फोन करून अतिशय नम्रपणे सांगितलं, की यंदा फ्रोझन बॉक्स मागवायचं ठरतंय, तुम्ही त्रास घेऊ नका.

काकूंनी फोन ठेवला. "मीटिंग कधी आहे ते विचारून घेतलंय," त्या मला म्हणाल्या. "तू गाडी चालवायची."

मला लायसन्स मिळून जेमतेम महिना झाला होता आणि हायवेची मला धडकी भरे. मी आतल्या रस्त्यांनी निघाले तर काकू म्हणाल्या, "हायवेनं घे. इतका वेळ लावलास तर पाऱ्या नरम पडतील." मांडीवर दोन डबे. एकात त्यांची पिता, दुसऱ्यात दुकानातली, दोन्ही नुकत्याच भाजलेल्या. शेजारून ट्रक जाताना मी स्टिअरिंग आवळून धरत होते आणि काकू समोर बघत होत्या. "लेन धरून राहा. बाकीचे त्यांचं बघून घेतील."

समितीसमोर त्यांनी दोन्ही डबे उघडले आणि सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. मग सुरी चालवली. दुकानातलीचा एकदाच करकर आवाज आला आणि सुरी खाली रुतली. काकूंचीचा आवाज थराथरांतून खालपर्यंत येत राहिला. एक म्हातारे गृहस्थ डोळे न उघडताच काकूंच्या डब्याकडे बोट दाखवून ग्रीकमध्ये काहीतरी म्हणाले. निकोसनं तुकडा खाल्ला, आणखी एक घेतला.

"फरक कळतो," तो म्हणाला. "पण तुम्ही चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहात. पुढच्या वर्षी काय? त्याच्या पुढच्या वर्षी?"

मला त्याचा राग आला. काकूंनी मात्र मान डोलावली. "बरोबर विचारलंस. मी कायमची पुरणार नाही. मला आठ जणी दे. सहा शनिवार दे. शिकवते."

आठ जणी आल्या. ग्रीक आडनावांच्या, पण टेक्सासमध्ये जन्मलेल्या, आजीच्या हातचं खाल्लेल्या आणि लाटणं कधी न धरलेल्या. काकू त्यांना इंग्रजीत शिकवत आणि मराठीत रागावत. "अगं, दाबू नको! फिरव, फिरव!" दुसऱ्या शनिवारपर्यंत त्या 'फिरव' म्हणायला शिकल्या होत्या. एकजण वैतागून म्हणाली, "I can't do this." काकूंनी तिचं मनगट धरून हात लाटण्यावर ठेवला. "You are doing it. Look down." तिसऱ्या शनिवारी निकोस स्वतः एप्रन बांधून आला. त्याच्या पाऱ्या भारताच्या नकाशासारख्या व्हायच्या, पण त्यानंतर त्यानं एकही शनिवार चुकवला नाही.

जत्रेच्या दिवशी सगळी ताटं दुपारीच संपली. काकू खुर्चीवर बसून होत्या. त्या दिवशी त्यांनी एकही पारी लाटली नाही, हे माझ्या संध्याकाळी लक्षात आलं.

हिवाळ्यात त्या उत्तरेकडे, स्टेट कॉलेज नावाच्या गावात लेकीकडे राहायला गेल्या. गुडघे जिना चढू देईनात. तिथे इंडियन ग्रोसरी नावालाच, पण त्यांनी खिडकीत शेपू लावला आणि लेकीच्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना पाऱ्या लाटायला बसवलं. मला दरम्यान कामाची परवानगी मिळाली. मुलाखतीला जायच्या आधी फोन केला, तर म्हणाल्या, "त्यांना काय विचारायचंय ते विचारू दे. तू तुला काय येतं ते सांग आणि गप्प बस." मी तेच केलं. नोकरी मिळाली, एका पुलांच्या डिझाइन फर्ममध्ये.

गेल्या जानेवारीत काकू झोपेत गेल्या. आमचं शेवटचं मोठं बोलणं त्याआधी, जत्रा झाल्यावर झालं होतं. त्यांच्याशिवायची ती पहिलीच जत्रा. मी उत्साहानं सांगत होते, की आम्ही नऊ जणींनी सगळं केलं, कमी काही पडलं नाही, लोकांनी किती कौतुक केलं. त्यांनी मधेच थांबवलं.

"पाऱ्या किती फाटल्या?"

"सात-आठ."

"फेकल्यास?"

"नाही. मधल्या थरांत घातल्या. वर आणि खाली चांगल्या."

"हे मी शिकवलं नव्हतं तुला," काकू म्हणाल्या.

"नाही, काकू. आमचं आम्हालाच सुचलं."

"छान," त्या म्हणाल्या, आणि तिकडे बर्फ किती पडलाय ते सांगू लागल्या.