आपा दाराशी बसली

आपा बसली की खोलीतून नाहीशी व्हायची. खोटं नाही सांगत. पंचवीस पोरांच्या गलक्यात ती भिंतीला पाठ टेकून मांडी घालायची, मांडीवर वही ठेवायची, आणि दहा मिनिटांत पोरं तिला साफ विसरायची. एकदा एका पोरीने बाहुलीचा ओला झगा तिच्या खांद्यावर वाळत घातला, तरी ही हलली नाही. मी तशी बसायला गेले की पाचव्या मिनिटाला माझ्या पायाला मुंग्या, आणि पोरं भोवती गोळा.

साठ सालानंतरची गोष्ट. नागपूरला लहान मुलांचं शिक्षण हा विषय घेऊन पदवी करणाऱ्या आम्ही नऊजणी होतो. मी राळेगावची, घरी कपाशीची शेती. "आम्ही काय पुस्तकं वाचून पोरं वाढवली का?" असं विचारून आत्याने माझ्या वडिलांना फैलावर घेतलं होतं. आपा पुसदची. तिच्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि वाकडं चाक सरळ करण्यात ती त्यांच्याही वरचढ होती. मॅट्रिकनंतर दहा वर्षं मोहल्ल्यातली पोरं सांभाळून ती एकदम विद्यापीठात आली. आम्ही अठराच्या, ती अठ्ठावीसची, म्हणून सगळ्यांचीच आपा, म्हणजे थोरली बहीण. तिच्या मोहल्ल्यात बालवाडी निघणार होती. पदवी हातात आली की ती जागा आपाची, असं ठरलेलं होतं. अब्बा तर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत.

पुस्तकं इंग्रजी. आपा शब्दाशब्दावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहायची. एकदा मॅडमनी वाचून दाखवलं, की तिसऱ्या वर्षी मुलाला स्वतःचे मोजे घालता येतात. आपा उभी राहिली. "मॅडम, आमच्याकडच्या पोरांनी मोजे पाह्यलेच नाही. त्याहीले तीन वर्षाचे धराचं का नाही?" वर्ग फिस्सकन हसला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "मग काय तपासायचं, ते तुम्हीच सांगा." तो तास आपाने घेतला.

शेवटच्या वर्षी आम्हा दोघींना राजूरला, कोळसा खाणीच्या वस्तीतल्या बालवाडीत पाठवलं. तिथे रोज एका मुलाचं निरीक्षण लिहायचं असे. मी ऐटीत लिहिलं, 'लखू आज रागावला होता.' आपाने वही ओढून घेतली. "राग दिसला का तुले? काय दिसलं ते लिही." मी चिडून म्हटलं, "मुठी आवळल्या होत्या त्याने!" "मंग मुठी लिही नं, बाई. राग तुह्या डोक्यातला हाय." तिचा नियमच होता तो. आपलं मत चुकून लिहिलं गेलं, तर ती त्यावर सरळ रेघ मारायची. आणखी एक, ती मुलाला लांबून कधीही हाक मारत नसे. "हाक कायले मारतं वं? जाऊन भेट नं त्याले."

परीक्षा तिथेच झाली. मोठ्या शहरातून परीक्षक बाई जीपने आल्या. प्रत्येकीला अर्धा तास आणि एक गोष्ट. माझी पोरं तोंडावर बोट ठेवून मूर्तीसारखी बसली. का नाही बसणार? तीन दिवस मी त्यांना फुटाणे चारत होते!

मग आपा. बकरीची गोष्ट रंगात आली, बकरी विहिरीच्या काठावर आली, आणि खाणीचा भोंगा वाजला. पाळी बदलताना तो वाजायचाच, पण अवेळी वाजला की खाणीत अपघात झाला, असंच वस्ती समजायची. बाया हातातलं टाकून खाणीकडे पळाल्या. चार वर्षांचा लखू उठून दारात उभा राहिला. त्याचा बाप खाली होता. मी ओरडले, "लखू, इकडे ये, गोष्ट ऐक!"

आपाने चित्रं खाली ठेवली. उंबऱ्यापाशी गेली आणि लखूपासून हातभर अंतरावर बसली. एकेक करत बाकीची पोरंही तिच्यामागे जाऊन बसली. सगळ्या बालवाडीची तोंडं रस्त्याकडे, पाठी परीक्षक बाईंकडे! बाईंनी घड्याळ पाहिलं. "तुमची गोष्ट?"

आपा मान न वळवता म्हणाली, "थांबली हाय, मॅडम. लखूचा बाप दिसला की पुढं जाईन."

थोड्या वेळाने बाया परत आल्या, हसत आणि शिव्या घालत. भोंगा दुरुस्त करून वाजवून पाहिला होता, बस्स. लखूच्या आईने सांगितलं, तरी तो हलेना. आपाही हलेना. जीप निघून गेली. दोन वाजता पाळी सुटली आणि कोळशाने काळाठिक्कर झालेला बाप रस्त्याने आला. लखूने त्याला खालून वरपर्यंत पाहिलं, मग वळून विचारलं, "मंग बकरीचं काय झालं?"

आणि आपाने विहिरीच्या काठापासून गोष्ट पुढे सुरू केली. तीन वर्षं शिकत होते ते काय असतं, ते मला त्या दुपारी कळलं.

मला फर्स्ट क्लास मिळाला. आपा प्रात्यक्षिकात नापास. "फेल मी झाली वं, लखू नाही झाला," असं म्हणून ती हसली. मग वळकटी बांधता बांधता तिचे हात थांबले. "अब्बाले काय सांगू, हे एकच सुचून नाही राह्यलं."

मोहल्ल्याच्या बालवाडीला पदवीवाली बाई हवी होती. बोलावणं मला आलं. मला लाज वाटली, मी नाही म्हणणार होते. तेवढ्यात आपाचं कार्ड आलं, 'तू ये. चार वर्षांचं पोर माझ्यासाठी वर्षभर थांबलं तर पाच वर्षांचं होईल.'

पहिल्या दिवशी आपा आली, भिंतीला टेकून बसली आणि नाहीशी झाली. एक पोरगी दाराची चौकट सोडेना. मी खुर्चीतून हाका मारत सुटले. अचानक माझाच आवाज माझ्या कानात शिरला आणि मी वरमले. उठले, दाराशी जाऊन बसले.

जाताना आपाने वहीतलं पान फाडून माझ्या हातात दिलं. पुढच्या वर्षी ती पुन्हा परीक्षेला बसली, पास झाली, आणि राजूरच्या त्याच बालवाडीत गेली. तिथेच राहिली, आणि तिथेच वारली.

माझी पदवी कुठल्या ट्रंकेत आहे, मला विचारू नका. ते पान मात्र जपून आहे. 'बाई हाका मारतात. मूल येत नाही. बाई उठतात. दाराशी बसतात. बोलत नाहीत. मूल सरकते. मूल बाईंच्या पदराला हात लावते.' त्याखाली एकच शब्द, 'छान', आणि नियमाप्रमाणे त्यावर मारलेली रेघ. रेघेखालून तो अजून स्वच्छ वाचता येतो.