छताखालचं छत

आमच्या मोठ्या दिरांना सगळं कळतं. ठाण्याला त्यांच्या सोसायटीचे ते सेक्रेटरी आहेत आणि त्या सोसायटीला लिफ्ट आहे. एवढ्या भांडवलावर ते कापडे गावातल्या आमच्या घराचा पाया, भिंती, संडास, छत, सगळ्यावर मत देतात. मी पोलादपूर तालुक्यातल्याच एका शाळेत शिक्षिका. माझे यजमान भातशेती बघतात आणि मोठ्या भावाचं ऐकतात. दुसरं काम त्यांना जास्त चांगलं जमतं.

कौलं उतरवून स्लॅब घातला तेव्हा दीर म्हणाले, "आता जन्मात वर बघायला नको." ते आम्ही अगदी शब्दशः पाळलं. स्लॅबचा उतार चुकला होता, पावसात वर डबकं साचायचं, त्यात बेडूक ओरडायचे. कोणी वर बघितलं नाही. पुढे दिरांना गणपतीत आल्यावर क्रिकेट बघता यावं म्हणून वर डिश बसवली. वर्षातून पाच दिवसांच्या त्या क्रिकेटसाठी स्लॅबला ड्रिलने चार भोकं पाडून बोल्ट ठोकले. आता मॅच सगळे मोबाइलवर बघतात. डिश मात्र वर तशीच, तोंड आभाळाकडे करून.

डिश बसवल्याच्या दुसऱ्या वर्षी श्रावणात हॉलच्या कोपऱ्यात छताला बशीएवढा पिवळट डाग आला. यजमानांनी फोटो काढून ठाण्याला पाठवला. उत्तर आलं, वॉटरप्रूफ रंग मारा. रंग आतून मारला, तोही उन्हाळ्यात. मे महिन्यात छत गळलं नाही म्हणून दोघा भावांनी फोनवर एकमेकांचं अभिनंदन केलं.

जुलैत डाग ताटाएवढा झाला. मग मी यजमानांच्या चुलत्यांना बोलावलं. काकांनी जन्मभर पावसाळ्याआधी गावातल्या घरांची कौलं परतली. डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन भर पावसात ते शिडीने वर गेले, बराच वेळ वाकून बघत राहिले आणि उतरल्यावर म्हणाले, "डाग कोपऱ्यात हाय, पण पाणी तिथनं शिरत नाय गो सूनबाई. त्या डिशच्या बोल्टातनं शिरतंय नि आतल्या आत चालत येतंय. पयली ती डिश काढा."

यजमानांनी लगेच फोन लावला, तोही स्पीकरवर.

"काका, आता ती कौलं नाय राहिली," दीर हसत म्हणाले. "आरसीसी हाय. हा टेक्निकल मॅटर आहे. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

काकांनी चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि ते निघून गेले. यजमान जमिनीकडे बघत बसले.

दिवाळीनंतर दिरांनी मुंबईहून पीओपीवाला पाठवला. स्लॅबच्या खाली वीतभर जागा सोडून त्याने पांढरंशुभ्र दुसरं छत टांगलं. त्यात गोल दिवे, कडेने निळ्या दिव्यांची पट्टी. अख्खी आळी बघायला आली. मीही संध्याकाळी ती निळी पट्टी लावून पाहुणीसारखी बसायचे. हेही लिहून टाकते. हसायचंच तर आधी स्वतःला हसावं.

डाग दिसेनासा झाला, म्हणजे गळती संपली, असं ठरलं. पुढचे दोन पावसाळे आम्ही त्या समजुतीत काढले. हॉलमध्ये कुबट वास यायला लागला. दीर म्हणाले, कोकणात पावसात वास येणारच. डब्यातले पापड सादळले, गोधड्यांना बुरशी धरली, दिवे आपोआप जायला लागले. त्याला व्होल्टेज हे उत्तर होतं. यजमानांना खोकला लागला तो जाईना. महाडच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात ओल आहे का?"

"नाही," यजमान म्हणाले, "आमच्याकडे पीओपी आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

गणपतीला आठवडा असताना दिवे पुरते गेले, म्हणून महाडहून वायरमन आला. त्याने शिडी लावून एक गोल दिवा ओढून काढला, तर त्या भोकातून गंजाचं लाल पाणी भसाभसा त्याच्या छातीवर आलं. तो उडी मारूनच उतरला. धावत जाऊन मेन स्विच बंद केला, मग शर्ट पिळत म्हणाला, "बाई, भिंतीला हात लावला नाही ना कोणी?"

त्याने पीओपीचा एक चौकोन कापला, आत बॅटरी मारली आणि मला वर बोलावलं. मी शिडीवर चढून डोकं आत घातलं. स्लॅबच्या सळ्या गंजून फुगल्या होत्या. त्यांनी खालचं सिमेंट फोडून टाकलं होतं. त्याचे तुकडे सुटून पीओपीवर पडले होते, एक तर जेवायच्या पाटाएवढा. बरोबर त्याच्या खाली यजमानांची खुर्ची. दोन वर्षं ते तिथे बसून पेपर वाचत होते.

त्या वर्षी गणपती पडवीत बसवला. दीर आले, कापलेल्या चौकोनातून वर बघून म्हणाले, "कॉन्ट्रॅक्टर चोर निघाला. मी तेव्हाच बोललो होतो."

"भावजी," मी म्हटलं, "तेव्हा तुम्ही काय बोललात ते आम्ही सगळ्यांनी स्पीकरवर ऐकलंय. काकांना सांगितलंत, हा टेक्निकल मॅटर आहे."

"बायकांनी ह्यात पडू नये."

"मी नाही पडत. पण तुमच्या भावाच्या डोक्यावर स्लॅब पडणार होता."

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना उलट बोलले नव्हते. जाऊबाई मोदकांच्या पाऱ्यांकडे बघत राहिल्या. यजमान उठले. मला वाटलं, आता मला गप्प बसवणार. त्यांनी पाना घेतला आणि ते वर गेले. बोल्ट गंजून स्लॅबला चिकटले होते. तासभर नुसते ठोके ऐकू येत होते. शेवटी डिश खांद्यावर घेऊन ते खाली आले आणि भावाच्या पुढ्यात ठेवली. हात रक्ताळले होते.

दिवाळीनंतर गवंड्याने सगळं पीओपी काढलं, सळ्या घासल्या, स्लॅब दुरुस्त केला, वर उतार देऊन पत्र्याची शेड घातली. काका रोज येऊन त्याच्यावर ओरडायचे. खोकला हळूहळू थांबला. यंदा गणपतीला दीर दोनच दिवस राहिले. जाताना म्हणाले, "हॉलला शो राहिला नाही." त्यांना डब्यात मोदक भरून दिले.

गवंड्याचं काम चालू असताना भिंतीतलं लाकडी कपाट उखडावं लागलं. मागचा प्लायवूड ओल्या भाकरीसारखा हातात आला. वरच्या फळीवर माझ्या वर्गांचे फोटो होते, नोकरीला लागल्यापासून दरवर्षीचा एक. सगळ्यांचा मिळून एक ओला लगदा झाला होता. अंगणात सुपात पसरून मी ते एकेक सोडवत बसले. बहुतेकांवर नुसता जांभळा शेवाळी रंग उरला होता. एका फोटोतली खालची पट्टी तेवढी वाचली. तिच्यात पुढच्या रांगेतल्या पोरांचे पाय दिसत होते, काही चपलांतले, काही अनवाणी. त्यांतले कोणाचे कुठले, ते आठवत मी ऊन उतरेपर्यंत तिथेच बसले. दोघांचे ओळखू आले.